कंपायलरला न दिसणाऱ्या ओळी

बीड जिल्ह्यातून दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जाणाऱ्या कुटुंबांचा गावाशी, मुकादमाशी आणि आजी-आजोबांपाशी ठेवलेल्या मुलांशी असलेला संबंध आज बव्हंशी मोबाइल फोनवर टिकून आहे, आणि यांतील प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या तळाशी लिनक्स कर्नल काम करत असते. कर्नल म्हणजे संगणकप्रणालीचा गाभा. प्रोसेसरचा वेळ कोणत्या कामाला द्यायचा, मेमरीचा कोणता भाग कोणाच्या वाट्याला घालायचा, कॅमेरा, पडदा आणि नेटवर्क यांच्याशी कसा व्यवहार करायचा, हे निर्णय तेच घेते, आणि म्हणूनच त्यात राहिलेली एखादी फट संपूर्ण फोन परक्याच्या ताब्यात देऊ शकते. अशा फटींचा गैरवापर रोखण्यासाठी गूगलने २०१८ मध्ये पिक्सेल ३ या फोनच्या कर्नलमध्ये 'कंट्रोल फ्लो इंटेग्रिटी' नावाची तपासणी बसवली; फंक्शनचा पत्ता आधी साठवून नंतर त्या पत्त्यावर उडी घेण्याची जी ठिकाणे कर्नलमध्ये असतात, तेथे ती उडी योग्य प्रकारच्या फंक्शनवरच पडते आहे ना, याची ही तपासणी खात्री करते. त्यासाठी संपूर्ण कर्नल कंपायलरच्या नजरेसमोर एकाच वेळी असणे त्या काळी आवश्यक होते, आणि ती सोय 'लिंक-टाइम ऑप्टिमायझेशन' या पद्धतीतून मिळत होती. पुढे अँड्रॉइड १२ सह आणि ५.१० किंवा त्यानंतरचे कर्नल घेऊन बाजारात येणाऱ्या फोनांना गूगलचे सामाईक कर्नल वापरणे बंधनकारक झाले, तेव्हा ही पद्धत एका महागड्या फोनापुरती न राहता केज-गेवराईच्या बाजारपेठेत विकल्या जाणाऱ्या फोनांपर्यंत पोचली. या वाटेवरचा सर्वांत चिवट अडथळा म्हणजे कर्नलच्या सी भाषेतील मजकुरात जागोजागी आलेली असेंब्ली, म्हणजे प्रोसेसरच्या आज्ञा थेट लिहिण्याची भाषा.

सी भाषेत लिहिलेला मोठा कार्यक्रम हजारो फायलींत विभागलेला असतो. कंपायलर यातील प्रत्येक फाईल स्वतंत्रपणे वाचतो, तिचे प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञांत रूपांतर करून 'ऑब्जेक्ट फाईल' तयार करतो, आणि अखेरीस लिंकर हा निराळा कार्यक्रम या साऱ्या ऑब्जेक्ट फायलींतील नावे एकमेकांशी जुळवून अखंड कार्यक्रम बांधतो. या रचनेत कंपायलरची दृष्टी एका फाईलपुरती मर्यादित राहते. दुसऱ्या फायलीतले चार ओळींचे फंक्शन जागच्या जागी उतरवून घेतले असते तर काम जलद झाले असते, किंवा एखादे फंक्शन कोणीच वापरत नसल्याने ते टाकून देता आले असते, हे त्याला कळण्याचा मार्ग नसतो. लिंक-टाइम ऑप्टिमायझेशनमध्ये कंपायलर ऑब्जेक्ट फायलीत अंतिम आज्ञांऐवजी स्वतःच्या मधल्या भाषेतील रूप साठवतो, आणि लिंकरने साऱ्या फायली एकत्र आणल्यानंतर त्या एकत्रित रूपावर पुन्हा काम करून मगच प्रोसेसरच्या आज्ञा उत्पन्न करतो. नावे जुळवण्याच्या टप्प्यावर होणारी ही सुधारणा असल्याने तिला हे नाव मिळाले. सर्व फायली खरोखरच एका ढिगात घेतल्या तर वेळ आणि मेमरी दोन्ही फार लागतात, म्हणून एलएलव्हीएम या कंपायलर-संचाने २०१६ मध्ये 'थिन-एलटीओ' हा हलका पर्याय आणला; त्यात प्रत्येक फायलीचा केवळ सारांश एकत्र पाहिला जातो आणि ज्या फंक्शनांचा उपयोग होईल तेवढीच एका फायलीतून दुसरीत आयात केली जातात.

जीसीसी या जुन्या आणि मुक्त कंपायलरमध्ये ही सोय २०१० च्या ४.५ या आवृत्तीपासून आली, आणि तिचा उपयोग महाराष्ट्रातल्या संशोधनातही झाला. आयआयटी मुंबई येथील उदय खेडकर यांच्या पुढाकाराने चाललेल्या जीसीसी रिसोर्स सेंटरने या कंपायलरची अंतर्गत रचना विद्यार्थ्यांना आणि उद्योगातील अभियंत्यांना कार्यशाळांमधून समजावून देण्याचे काम केले. खेडकर, अ‍ॅलन मायक्रॉफ्ट आणि प्रशांत सिंग रावत यांनी २०१२ मध्ये मांडलेले पॉइंटर-विश्लेषण, म्हणजे कोणता पॉइंटर कोणत्या जागेकडे निर्देश करत असू शकतो याचा संपूर्ण कार्यक्रमभर घेतलेला शोध, जीसीसीच्या याच लिंक-टाइम चौकटीवर उभे केले होते. अशा विश्लेषणाची सारी ताकद एका गृहीतकावर उभी असते: कार्यक्रमात जे काही आहे ते विश्लेषकाला दिसते. कर्नलमध्ये नेमके हेच गृहीतक ढळते.

कर्नलला अशी कामे करावी लागतात जी सी भाषेत व्यक्तच होत नाहीत. प्रोसेसरच्या एखाद्या नियंत्रक रजिस्टरमधली, म्हणजे त्याच्या आतल्या छोट्या साठवण-कप्प्यातली, किंमत वाचणे, दोन प्रोसेसर एकाच वेळी ज्या संख्येला हात घालू शकतात ती संख्या अविभाज्यपणे वाढवणे, मेमरीतील वाचन-लेखनाचा क्रम राखणारा अडसर घालणे, या गोष्टींसाठी प्रोसेसरची विशिष्ट आज्ञाच लिहावी लागते, आणि ती सी फंक्शनच्या पोटात अवतरणचिन्हांत लिहिण्याच्या सोयीला 'इनलाइन असेंब्ली' म्हणतात. कंपायलर या अवतरणातला मजकूर समजून घेत नाही; तो त्याच्या लेखी बंद लखोटा असतो, आणि लखोट्यावर लिहिलेल्या पत्त्यावरूनच त्याने व्यवहार करायचा असतो. हा पत्ता तीन भागांचा असतो: आतल्या आज्ञा कोणत्या किमती बाहेर देतात, कोणत्या किमती आत घेतात, आणि काम करताना कोणती रजिस्टरे किंवा मेमरी बिघडवून ठेवतात. पत्ता अचूक असेल तर आत काय आहे याची फिकीर न करता कंपायलर भोवतालची रचना हवी तशी हलवू शकतो. पत्ता अपुरा असेल, आणि तरीही आजवर सगळे सुरळीत चालले असेल, तर ते फाईल-फाईल वेगळी कंपाइल होत असल्याने चालले होते, हे लिंक-टाइम ऑप्टिमायझेशन सुरू करताच उघड होते. ही पद्धत कर्नल मोडते असा आरोप अनेकदा केला जातो, तो अन्यायाचा आहे. लेखकांनी मनात धरलेल्या पण कोठेही न लिहिलेल्या अटी ती चव्हाट्यावर आणते, एवढेच.

या अलिखित अटींपैकी सर्वांत जास्त अडचण नावांची झाली. सी भाषेत 'स्टॅटिक' असे घोषित केलेले फंक्शन त्या फायलीपुरते खाजगी असते, त्यामुळे एकाच नावाची अनेक खाजगी फंक्शने कर्नलच्या निरनिराळ्या फायलींत सुखाने नांदतात. सर्व फायली एकत्र आल्यावर ही नावे एकमेकांशी भिडतात, म्हणून कंपायलर त्यांना शेपटे जोडून वेगळी करतो. जीसीसी तसे करतो आणि एलएलव्हीएमही करतो. सी भाषेतील मजकुरात ज्या ज्या ठिकाणी ते नाव आले असेल तेथे बदल आपोआप होतो, कारण कंपायलरला ती ठिकाणे ठाऊक असतात. परंतु असेंब्लीच्या अवतरणात ते नाव नुसती अक्षरे म्हणून लिहिलेले असेल तर ते जुनेच राहते, आणि लिंकर शेवटी तक्रार करतो की या नावाचे काहीच अस्तित्वात नाही. याहून वाईट म्हणजे, ज्या फंक्शनाचा उल्लेख केवळ असेंब्लीतच आहे ते कंपायलरला निरुपयोगी वाटते आणि तो ते काढूनच टाकतो.

कर्नल सुरू होतानाच्या क्रमाचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. कर्नलचा प्रत्येक घटक आपल्या आरंभाचे एक फंक्शन नोंदवून ठेवतो, या नोंदींना 'इनिटकॉल' म्हणतात, आणि प्रणाली चालू होताना कर्नल त्या नोंदींच्या यादीतून एकामागून एक फंक्शने बोलावत जाते. यादी आटोपशीर राहावी म्हणून आर्मसह अनेक प्रोसेसरांवर नोंदीत पूर्ण ६४ बिटांचा पत्ता न ठेवता, नोंदीच्या स्वतःच्या जागेपासून फंक्शन किती अंतरावर आहे, एवढी ३२ बिटांची संख्या ठेवली जाते. असे अंतर सी भाषेत स्थिर किंमत म्हणून लिहिता येत नसल्याने ही नोंद फायलीच्या पातळीवर, कोणत्याही फंक्शनाबाहेर लिहिलेल्या असेंब्लीतून केली जाई, आणि तीत आरंभ-फंक्शनाचे नाव अक्षरशः लिहिलेले असे. ही फंक्शने बहुधा स्टॅटिक असतात, त्यामुळे नावाला शेपूट जोडले जाताच नोंद पोरकी होई. गूगलचे सामी टोल्वानेन यांनी कर्नलच्या ५.१२ या आवृत्तीसाठी एलएलव्हीएम संचातील क्लँग कंपायलरच्या लिंक-टाइम ऑप्टिमायझेशनसाठी बदलांचा जो संच दिला, त्यात या अडचणीवर असा उपाय योजला होता की प्रत्येक इनिटकॉलसाठी ठरावीक, सार्वत्रिक आणि न बदलणाऱ्या नावाचे एक छोटे मध्यस्थ फंक्शन निर्माण करावे, असेंब्लीने त्याचाच उल्लेख करावा, आणि मध्यस्थाने सी भाषेतून, म्हणजे कंपायलरच्या डोळ्यांदेखत, खऱ्या फंक्शनला बोलवावे. पीसीआय उपकरणांच्या दोषनिवारण-नोंदींनाही हाच इलाज लागू करावा लागला. नावाचा प्रश्न सुटला तरी क्रमाचा उरतोच: पूर्वी एकाच पातळीवरील इनिटकॉल ज्या क्रमाने फायली लिंक होत त्या क्रमाने यादीत येत, आणि काही घटक या क्रमावर विसंबून होते; एकत्रित रूपात कंपायलर हा क्रम पाळण्यास बांधील नसल्याने प्रत्येक नोंद स्वतंत्र नावाच्या विभागात ठेवून, लिंकरला मूळ क्रम सांगणारी यादी एका पर्ल स्क्रिप्टने तयार करण्याची व्यवस्था बसवली गेली. इतकी मांडामांड करून मिळवले काय, तर जे पूर्वी योगायोगाने होत होते ते लेखी झाले.

दुसरे उदाहरण आर्मच्या ६४-बिटी शाखेतले असून ते अधिक सूक्ष्म आहे. प्रोसेसरच्या नव्या पिढ्यांत नियंत्रक रजिस्टरांची भर पडत राहते, पण जुन्या असेंब्लरला, म्हणजे असेंब्लीचे आज्ञांत रूपांतर करणाऱ्या कार्यक्रमाला, त्यांची नावे ठाऊक नसतात. म्हणून कर्नलने अशा रजिस्टरांच्या वाचन-लेखनासाठी असेंब्लरचे दोन मॅक्रो रचले, ज्यांना रजिस्टराचा संख्यात्मक संकेत दिला की ते आज्ञेचे बिट स्वतः जुळवून देतात. मॅक्रो म्हणजे एकदा व्याख्या करून पुढे नावाने वापरायचा मजकुराचा साचा. या व्याख्या एका हेडर फायलीत, फंक्शनाबाहेरच्या असेंब्लीत ठेवलेल्या होत्या. हेडर जवळजवळ प्रत्येक सी फायलीत समाविष्ट होत असे, आणि प्रत्येक फायलीचा असेंब्ली मजकूर वेगळा असल्याने वरच्या बाजूला व्याख्या आणि खाली, फंक्शनांच्या पोटात, तिचा वापर, असे सरळ चालत असे. यात दोन गोष्टी गृहीत होत्या: एका असेंब्ली-अवतरणात केलेली व्याख्या दुसऱ्या अवतरणाला दिसते, आणि एका मजकुरात ती व्याख्या एकदाच येते. लिंक-टाइम ऑप्टिमायझेशनमध्ये अनेक फायली एका मजकुरात येतात तेव्हा तीच व्याख्या पुन्हा पुन्हा येऊ लागते, आणि एखादे फंक्शन दुसरीकडे हलवले गेले तर त्याच्या वापराची जागा व्याख्येपासून तुटू शकते. त्यात क्लँगचा स्वतःचा असेंब्लर एका अवतरणातील व्याख्या दुसऱ्यात मुळीच मान्य करत नाही, आणि एलएलव्हीएमच्या कर्त्यांच्या मते हा दोष नसून इष्ट गुण आहे. या मताशी सहमत होणे भाग आहे, कारण एका लखोट्याने दुसऱ्या लखोट्याशी कंपायलरच्या अपरोक्ष संधान बांधावे, ही पद्धतच मुळात डळमळीत होती. २०१९ मध्ये झालेली दुरुस्ती दिसायला ओबडधोबड आहे: जेथे मॅक्रो वापरायचा त्याच अवतरणात आधी त्याची व्याख्या करायची, लगेच वापर करायचा आणि लगेच ती व्याख्या पुसून टाकायची. मजकूर लांबला खरा, पण प्रत्येक अवतरण स्वयंपूर्ण झाले आणि कंपायलर ते कोठेही हलवण्यास मोकळा झाला.

स्वयंपूर्णतेची हीच कसोटी फंक्शनाच्या आतील असेंब्लीलाही लागते. त्यात एखाद्या जागेला ठळक नाव दिले, आणि ते फंक्शन कंपायलरने दोन ठिकाणी उतरवून घेतले, तर तेच नाव दोनदा येऊन असेंब्लर अडतो. म्हणून अनुभवी कर्नल-लेखक तेथे केवळ अंकांची स्थानिक खूण करतात आणि 'पुढचा १' किंवा 'मागचा १' अशा भाषेत तिचा निर्देश करतात, किंवा प्रत्येक प्रतीसाठी वेगळी संख्या देण्याची कंपायलरची सोय वापरतात. वापरकर्त्याच्या मेमरीतून किमती वाचताना चुकीचा पत्ता आल्यास कर्नल कोसळू नये म्हणून जो 'एक्सेप्शन टेबल' ठेवला जातो, त्याची नोंदही असेंब्ली-अवतरणाच्या आतच थोडा वेळ दुसऱ्या विभागात जाऊन, लिहून, परत येऊन केली जाते. अवतरणाच्या किती प्रती झाल्या तरी प्रत्येकीबरोबर तिची नोंद जात असल्याने आणि तक्ता बांधणीच्या शेवटी क्रमवार लावला जात असल्याने ही व्यवस्था लिंक-टाइम ऑप्टिमायझेशनखाली फारशी विस्कटली नाही. जुन्या मंडळींनी हे तंत्र भविष्याचा विचार करून निवडले होते असे नाही, पण माहिती आणि तिचा वापर एकाच ठिकाणी ठेवण्याच्या सवयीचे फळ येथे मिळाले.

याच्या उलट दिशेचे एक प्रकरण आहे, ज्यात असेंब्ली अडथळा न होता उपाय ठरली. आर्म प्रोसेसरवर एखादा पॉइंटर वाचून मग त्या पॉइंटरने दाखवलेल्या जागेतले वाचले, तर दुसरे वाचन पहिल्यावर अवलंबून असल्याने प्रोसेसर त्यांचा क्रम राखतो, आणि कर्नलमधील कुलूप न लावता चालणारे अनेक व्यवहार या हमीवर उभे आहेत. परंतु संपूर्ण कार्यक्रम पाहू शकणाऱ्या कंपायलरला जर उमगले की या पॉइंटरच्या शक्य किमती दोनच आहेत, तर तो पॉइंटरमागे न जाता 'ही किंमत असेल तर येथून वाच, नसेल तर तेथून' असा फाटा तयार करू शकतो. फाटा दिसायला समानार्थी असला तरी त्यात वाचनांचा क्रम राखण्याची प्रोसेसरची हमी उरत नाही. असा बिघाड फार क्वचित, आणि तोही अनेक प्रोसेसर एकाच वेळी कामात असताना, प्रकट होतो, म्हणून तो शोधणे जवळजवळ अशक्य असते. २०२० मध्ये विल डीकन यांनी त्यावर असा तोडगा आणला की लिंक-टाइम ऑप्टिमायझेशन चालू असताना कर्नलचे 'रीड वन्स' हे वाचन साध्या आज्ञेऐवजी 'अ‍ॅक्वायर' जातीच्या आज्ञेने, म्हणजे आपल्यानंतरची वाचने आपल्याआधी होऊ न देणाऱ्या आज्ञेने करावे. आणि ती आज्ञा अर्थातच इनलाइन असेंब्लीत लिहिली गेली, कारण तेथे कंपायलरने डोकावू नये हेच हवे होते.

जीसीसीच्या बाजूची हकीकत इतकी समाधानकारक नाही. अँडी क्लीन यांनी लिनक्स कर्नलसाठी जीसीसीच्या लिंक-टाइम ऑप्टिमायझेशनचा संच २०१२ मध्येच मांडला होता, म्हणजे क्लँगचा संच मुख्य शाखेत येण्याच्या बऱ्याच आधी, आणि २०२२ मध्ये यिरी स्लाबी यांनी तो नव्याने पुढे आणला. तरीही तो मुख्य शाखेत आला नाही. अडचणीचे मूळ हे की एलएलव्हीएम फंक्शनाबाहेरची असेंब्ली लिंकच्या वेळी आपल्या असेंब्लरकडून वाचून घेऊन तीत कोणती नावे व्याख्यात आहेत आणि कोणती बाहेरून हवी आहेत याची यादी करतो, आणि ज्या फायलीतील अशी असेंब्ली खाजगी नावांना हात घालत असण्याची शक्यता आहे त्या फायलीतून आयात करणे टाळतो; जीसीसीकडे असेंब्लर स्वतःचा नाही, तो मजकूर लिहून वेगळ्या कार्यक्रमाच्या हवाली करतो, त्यामुळे त्याला आत पाहण्याची सोयच नाही. मग प्रत्येक अशा फंक्शनवर 'हे बाहेरून दिसू दे' किंवा 'हे वापरात आहे असे समज' अशी खूण हाताने करावी लागते, किंवा क्रम बदलूच नये असा सरसकट हुकूम द्यावा लागतो, ज्याने ऑप्टिमायझेशनचा बराच लाभ वाया जातो. २०२५ मध्ये आलेल्या जीसीसी १५ ने अखेर योग्य दिशा धरली: फंक्शनाबाहेरच्या असेंब्लीलाही, काही मर्यादांसह, आत-बाहेरच्या किमतींचा तपशील जोडता येतो, आणि 'येथे अमुक नाव व्याख्यात होते' किंवा 'येथे अमुक नावाचा वापर होतो' असे कंपायलरला कळेल अशा रीतीने लिहिता येते. कर्नलच्या लेखकांनी खुणांची ठिगळे लावत बसण्यापेक्षा ही सोय जेथे उपलब्ध आहे तेथे स्वीकारावी, हेच शहाणपणाचे आहे.

काही भाग मात्र या पद्धतीबाहेर ठेवणेच इष्ट ठरले. वापरकर्त्याच्या कार्यक्रमांना कर्नलकडून थेट मिळणारा 'व्हीडीएसओ' हा छोटा ग्रंथालय-तुकडा आणि आर्मवरील आभासीकरणाच्या अधिकार-पातळीवर चालणारा कर्नलचा भाग, यांच्यासाठी लिंक-टाइम ऑप्टिमायझेशन बंद ठेवले जाते. ज्या 'कंट्रोल फ्लो इंटेग्रिटी' तपासणीपायी हा सारा खटाटोप सुरू झाला तिलाही आता त्याची गरज राहिलेली नाही, कारण २०२२ च्या अखेरीस आलेल्या ६.१ या कर्नलपासून तिची नवी आवृत्ती प्रत्येक फाईल स्वतंत्रपणे कंपाइल करूनही चालते. तरीही असेंब्लीत झालेल्या दुरुस्त्या वाया गेल्या असे मानण्याचे कारण नाही. मध्यस्थ फंक्शने आणि स्वयंपूर्ण मॅक्रो कर्नलमध्ये राहिले, आणि लिंक-टाइम ऑप्टिमायझेशनचा मूळ हेतू, म्हणजे अधिक चपळ कर्नल, आजही तितकाच ग्राह्य आहे.

बीड, अंबाजोगाई किंवा अन्य कोठल्याही अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला हे सारे स्वतः तपासता येण्याजोगे आहे, कारण लिनक्स, जीसीसी आणि एलएलव्हीएम तिन्ही मुक्त असून त्यांचा मूळ मजकूर मोफत मिळतो. साध्या लॅपटॉपवर क्लँगने थिन-एलटीओ पर्याय चालू करून कर्नल बांधावे आणि बांधणीत तयार होणाऱ्या 'सिस्टम मॅप' या नावांच्या यादीत 'इनिटस्टब' हा शब्द शोधावा. इनिटकॉलसाठी निर्माण झालेली मध्यस्थ फंक्शने तेथे ओळीने सापडतील, आणि तोच पर्याय बंद करून पुन्हा बांधणी केल्यास ती यादीतून नाहीशी होतील.